अण्णांच्या खोलीतला एसी आणि मधेच घुसलेले बारा किलोओहम

१९ एप्रिल २०२५, शनिवार

अण्णांच्या खोलीतला एसी नीट गार करत नाहीये. सकाळी चहा पिताना अण्णा म्हणाले, रात्री दोनदा उठून बसलो रे, अंगाला नुसती चिकचिक. त्यांचं वय ८१, मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झालीये, उकाडा वाढला की धाप लागते, आणि रत्नागिरीतला एप्रिल म्हणजे तापमान बघायला गेलं तर ३३ च दिसतं पण हवा इतकी दमट की दोरीवरचा टॉवेल संध्याकाळपर्यंत वाळत नाही. हा एसी आमच्याकडे चैनीसाठी नाहीये, म्हणून या वेळी जे जे करीन ते तारखेनिशी लिहून ठेवतोय.

मशीन दीड टनाचं इन्व्हर्टर स्प्लिट, आर ३२ गॅसवालं, मे २०२१ ला घेतलेलं. चालू केलं की आपोआप २४ वर येतं (१ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलवाल्या रूम एसींना तो डिफॉल्ट सक्तीचा झाला, त्यानंतरचं आहे हे). लक्षण असं की सुरुवातीला हवा चांगली गार येते, पाचसात मिनिटांत बाहेरच्या युनिटचा आवाज हळूहळू बसतो, बाराएक मिनिटांनी कंप्रेसर पूर्ण बंद, आतला पंखा चालूच. मग थोड्या वेळाने परत चालू, परत तेच. खोली २९ च्या खाली येतच नाही, डिस्प्लेवर मात्र शांतपणे २४. एरर कोड नाही, दिवा ब्लिंक होत नाही, काही नाही.

२१ एप्रिल, सोमवार

मी कंपनीत होतो तेव्हा घरी टेक्निशियन येऊन गेला. गेज लावला, प्रेशर थोडं कमी वाटतंय म्हणाला आणि गॅस टाकला, अडीच हजार घेतले. मी फोनवर विचारलं, वजनकाटा लावला होता का, किती ग्रॅम टाकला? तर म्हणाला, नाही दादा, अंदाजाने टाकतो आम्ही. आता आर ३२ वजनावरच भरायचा असतो, बाहेरच्या युनिटच्या प्लेटवर ग्रॅममध्ये आकडा छापलेला असतो, आणि इन्व्हर्टर कंप्रेसरचा स्पीड सारखा बदलत असतो त्यामुळे नुसत्या गेजवरून काही ठरवणं अवघड. मी घरी असतो तर हात लावू दिला नसता. रात्री फरक शून्य.

२५ एप्रिल, शुक्रवार

दुसऱ्याला बोलावलं. त्याने कव्हरसुद्धा उघडलं नाही, रिमोट हातात घेऊन पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, साहेब पीसीबी (मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेलाय, साडेनऊ हजार, चार दिवस लागतील. मी म्हटलं पीसीबी गेलाय हे कशावरून? म्हणे असंच असतं यात. आई लगेच म्हणाली, बदलून टाक ना मग, अण्णांचे हाल होतायत. तिचं बरोबरच आहे पण मोजल्याशिवाय साडेनऊ हजारांचा पार्ट बदलायला मन धजावेना. मी इन्स्ट्रुमेंटेशनवाला माणूस, वीस वर्षं ट्रान्समीटर आणि आरटीडी (तापमानाचे सेन्सर) तपासतोय, प्लँटमध्ये असं कोणी बोललं तर आम्ही आधी विचारतो, रीडिंग किती आलं? अण्णांना तात्पुरतं आमच्या खोलीत हलवलं. रविवारपासून मी स्वतः बघणार.

२७ एप्रिल, रविवार

आधी सोप्या गोष्टी. फिल्टर स्वच्छ. मार्चच्या शेवटी जेट पंपाने सर्व्हिस करून घेतली होती त्यामुळे कॉइल आणि ब्लोअरही स्वच्छ, ब्लोअरच्या पात्यात बोट फिरवलं तर काळं लागत नाही. ड्रेनचं पाणी बाहेर नीट पडतंय. बाहेरच्या युनिटसमोर अडथळा नाही, पंखा फिरतोय.

मग मल्टिमीटरचा तापमान मोजायचा के-टाइप प्रोब कॉइलच्या कोपऱ्यातल्या तांब्याच्या बेंडवर टेपने चिकटवला, वर फोमचा तुकडा बांधला म्हणजे हवेचा परिणाम नको, आणि एसी चालू करून दर मिनिटाला आकडा लिहीत बसलो. ३१ वरून सुरू होऊन पाचव्या मिनिटाला ११ पर्यंत उतरला. मग कंप्रेसरचा आवाज बसायला लागला आणि आकडा उलटा वर, १२, १३. बाराव्या मिनिटाला १३ असताना कंप्रेसर बंद.

आता यात घोळ आहे. कॉइलवर बर्फ धरायला लागला की तो वाढू नये म्हणून बोर्ड आधी कंप्रेसर हळू करतो आणि तरी तापमान चढलं नाही तर बंद करतो, हे साधारण शून्य ते तीन डिग्रीच्या आसपास होतं. आमचं मशीन अगदी तसंच वागतंय, आधी हळू मग बंद. पण कॉइलवर बर्फाचा कण नाही, १३ डिग्रीला बर्फ कुठून येणार? म्हणजे बोर्डाला कॉइल खरी आहे त्यापेक्षा बरीच गार दिसतेय. हे काम इव्हॅपोरेटरच्या, म्हणजे आतल्या गार कॉइलच्या, पाइप सेन्सरचं. गॅसचा संबंध नाही, पीसीबीचा असेलच असंही नाही, साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं.

२८ एप्रिल, सोमवार, रात्री

या मॉडेलमध्ये रिमोटची दोन बटणं एकदम दाबून धरली की डिस्प्लेवर सेन्सरची तापमानं येतात, हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सापडलं. सगळ्या मशीनमध्ये ही सोय नसते, आपल्यात आहे का ते जरूर बघावं, खूप वेळ वाचतो.

एसी दुपारपासून बंद होता, म्हणजे खोली आणि कॉइल एकाच तापमानाला. प्रोब ३१ दाखवतोय, भिंतीवरचं थर्मामीटर ३१, एसीचा रूम सेन्सर ३१. आणि कॉइल सेन्सर ११!

मग चालू केला. कंप्रेसर बंद पडला तेव्हा प्रोबवर १३, डिस्प्लेवर कॉइल २. चोर सापडला. निदान चोराची गल्ली तरी.

एरर कोड का येत नाही ते पण यातून कळतं. हा सेन्सर म्हणजे एनटीसी थर्मिस्टर, तापमान वाढलं की रेझिस्टन्स कमी होतो आणि उतरलं की वाढतो. बोर्डावर एक फिक्स रेझिस्टर असतो, दोघं मिळून ५ व्होल्ट वाटून घेतात आणि मधल्या बिंदूचा व्होल्टेज मायक्रोकंट्रोलर वाचतो. वायर तुटली किंवा शॉर्ट झाली तर तो व्होल्टेज पार एका टोकाला जातो आणि बोर्डाला कळतं की हे अशक्य आहे, मग कोड दाखवतो. पण कॉइल ११ डिग्री किंवा २ डिग्री हे अशक्य नाही, एसीत हे रोजचे आकडे आहेत, त्यामुळे बोर्ड त्यावर विश्वास ठेवतो. पूर्ण मेलेला सेन्सर लगेच पकडला जातो, अर्धवट खोटं बोलणारा महिनोन्‌महिने पकडला जात नाही आणि तोवर लोक गॅस भरत राहतात.

१ मे, गुरुवार

महाराष्ट्र दिनाची सुट्टी, त्यामुळे पूर्ण दिवस मिळाला. एमसीबी खाली, वर टेपने चिठ्ठी चिकटवली की कोणी वर करू नका. मग दहा मिनिटं थांबलो. बाहेरच्या युनिटला आपण हात लावणार नाही आहोत, तिथल्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि लाईट बंद केल्यावरही काही वेळ टिकतो, पण आतल्या बोर्डाच्या बाबतीतही ५ व्होल्टची बाजू मेनपासून वेगळी केलेली असेलच असं धरून चालू नये. चालू मशीनच्या बोर्डात प्रोब घालायचा नाही, मी पण घातला नाही.

कव्हर काढलं, उजव्या बाजूची बोर्डाची डबी उघडली. सेन्सरच्या दोन पिनांचा पांढरा कनेक्टर बोर्डावरून काढला आणि प्लगमध्ये मीटर लावला तर ७.५ किलोओहम. खोली ३२. असे बरेच सेन्सर २५ डिग्रीला १० किलोओहमचे असतात आणि गरम झाले की कमी होतात, म्हणजे हा तर अगदी बरोबर वाटतोय! तरी खात्रीसाठी दोन टोकं तपासायचं ठरवलं. सेन्सरचं डोकं कॉइलवरच्या तांब्याच्या नळीतून अलगद ओढून काढलं (क्लिप असते, ती जपून ठेवायची, ती नसेल तर सेन्सर नळीत सैल बसतो आणि मग वेगळाच त्रास), एक स्टीलचा पेला घेतला, त्यात बर्फ फडक्यात गुंडाळून कुटून भरला आणि थोडंसंच पाणी. नुसता बर्फ नको, नुसतं गार पाणी पण नको, दोन्ही एकत्र ढवळत राहिलं की शून्य डिग्री मिळते. ३२.६ के (म्हणजे किलोओहम) वर आकडा स्थिर झाला. मग दुसऱ्या पेल्यात कोमट पाणी आणि त्यात ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर, तो ३२ ते ४२ मध्ये चांगला अचूक असतो, पाणी ३७ ला आलं तेव्हा सेन्सर ६.० के.

या दोन आकड्यांवरून बीटा (तापमानाबरोबर रेझिस्टन्स किती झपाट्याने बदलतो त्याचा आकडा) काढला, साधारण ३८७५ येतो. बाजारात ज्याला १० के, ३९५० म्हणतात तोच हा, कारण ३९५० हा आकडा २५ आणि ५० डिग्रीमधला असतो, खालच्या तापमानात मोजला की थोडा कमीच येतो.

म्हणजे सेन्सर शंभर टक्के चांगला. परत जोडला, एमसीबी वर केला, डिस्प्लेवर कॉइल ३२. अरेच्चा.

माझा अंदाज, सेन्सरच्या डोक्यात ओल शिरली असणार, सकाळपासून बाहेर काढून पुसला आणि कोमट पाण्यात धरला त्यात ती वाळली, परत कॉइलवर गेला की परत ओल धरणार. शनिवारी नवीन आणतो.

३ मे, शनिवार

मीटर खिशात घालूनच दुकानात गेलो. एसी स्पेअरचं दुकान, काउंटरवर सेन्सरचा डबा, काळ्या वायरीला पुढे तांब्याची टोपी, सगळे एका साच्यातले. दुकानदार म्हणाला, कुठलाही लावा हो, सगळे सारखेच. मी म्हटलं जरा मोजू द्या. तीन उचलले, एकात ३.८ के, दुसऱ्यात ७.४, तिसऱ्यात ११. दुकानात ३२ डिग्री होतं, म्हणजे पहिला ५ के चा, दुसरा १० के चा, तिसरा १५ के चा. दुकानदाराने स्वतःच तिन्ही सेन्सरांकडे बघितलं आणि म्हणाला, असं होय, म्हणून परत येतात काही काही.

हे फार महत्त्वाचं आहे म्हणून सविस्तर लिहितोय. समजा मशीन ५ के चं आहे आणि रूम सेन्सर म्हणून १० के चा बसवला. खोली ३२ असताना तो ७.४ के देणार, आणि ५ के च्या तक्त्यात (कुठल्या तापमानाला किती रेझिस्टन्स) ७.४ के म्हणजे १५ डिग्री. एसीला वाटणार खोली १५ ला पोचलीये, तुम्ही २४ लावलंय, तो कंप्रेसर चालूच करणार नाही. नवा कोरा पार्ट, कोड नाही, आणि मशीन पूर्वीपेक्षा वाईट. मग म्हणणार पीसीबी गेला. त्यामुळे जुना सेन्सर फेकायच्या आधी त्याचा रेझिस्टन्स मोजून ठेवायचा, आणि तो पूर्ण मेला असेल तर मॅन्युअल किंवा त्याच मशीनचा दुसरा सेन्सर बघायचा.

मधला घेतला, १२० रुपये.

४ मे, रविवार

नवा बसवला. सकाळी ११ ला चालू, पाऊण तासात खोली २५. डिस्प्लेवरची कॉइल आणि प्रोब यात एका डिग्रीचा फरक. दुपारी अण्णा परत त्यांच्या खोलीत, जेवून चादर घेऊन झोपले.

७ मे, बुधवार, रात्री १२.४०

परत तेच. साडेदहाला आईने हाक मारली, बाहेरचा आवाज बंद झालाय बघ. डिस्प्ले बघितला, प्रोब १४, कॉइल ५. नवा सेन्सर, तीन दिवसांत!

झोप येईना म्हणून वही उघडून बसलो, आणि जे पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं ते आता दिसतंय. मी म्हणत होतो ओल शिरली. पण थर्मिस्टरमध्ये ओल शिरली तर दोन तारांमध्ये गळतीची एक वाट तयार होते, ती समांतर, म्हणजे एकूण रेझिस्टन्स कमी व्हायला पाहिजे आणि एसीला कॉइल गरम दिसायला पाहिजे. इथे गार दिसतेय, म्हणजे रेझिस्टन्स वाढलाय. दिशाच उलटी! ओलीने सेन्सर खराब झाला असता तर असं झालंच नसतं.

मग २८ एप्रिलच्या दोन नोंदी घेतल्या आणि तक्त्यातून रेझिस्टन्स काढले. पहिली: खरं तापमान ३१, म्हणजे ७.७ के. दिसलं ११, म्हणजे १९.२ के. दुसरी: खरं १३, म्हणजे १७.४ के. दिसलं २, म्हणजे ३०.३ के. सेन्सर स्वतः बिघडून त्याचा रेझिस्टन्स वाढला असता तर दोन्हीकडे पट सारखी यायला हवी होती, पण एकीकडे अडीच पट आणि दुसरीकडे पावणेदोन पट येतेय. आणि वजाबाकी केली तर एकीकडे ११.५ के, दुसरीकडे १२.९ के. जवळजवळ सारखी. म्हणजे सेन्सर ठीकच आहे, त्याच्या वाटेत बारा किलोओहम येऊन बसलेत. सेन्सरपासून बोर्डापर्यंतच्या वाटेत एकच जोड आहे, कनेक्टर. मी १ तारखेला तो काढला, ४ ला परत काढला, दोन्ही वेळा काढता-घालताना पिना घासून स्वच्छ झाल्या आणि दुखणं तेवढ्यापुरतं गेलं.

आता कनेक्टर अजिबात न हलवता तपासायचा. अण्णा परत आमच्या खोलीत.

११ मे, रविवार

एमसीबी बंद, डबी उघडली, कनेक्टरला हात लावला नाही. मीटरच्या प्रोबला बारीक टाचणी बांधली, एक टोक प्लगच्या मागून वायरच्या क्रिंपवर (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा), दुसरं टोक बोर्डाच्या मागे त्याच पिनच्या सोल्डरवर. ही एकाच पिनची दोन टोकं, इथे मीटरच्या लीडचा सोडून दुसरा रेझिस्टन्स यायला नको. एका पिनवर ०.३ ओहम, छान. दुसऱ्या पिनवर साडेसहा किलोओहम, आणि वायरला फुंकर मारावी इतकं हलवलं तरी आकडा ५ ते ८ के मध्ये नाचतोय. हा आकडा तंतोतंत धरू नये कारण सेन्सर आणि बोर्डाचा रेझिस्टर यांतून एक समांतर वाट असते, त्यामुळे खरा यापेक्षा मोठाच असणार, पण शून्याच्या जागी किलोओहम म्हटल्यावर विषय संपला.

मग कनेक्टर काढून भिंगातून बघितलं. एका पिनच्या बुडाशी हिरवट पांढरा थर, कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात ताक कळकतं ना, अगदी तो रंग. प्लगच्या आतल्या पत्र्यावर पण तसंच. शेजारची पिन चकचकीत.

पण पाणी इथवर आलं कुठून? टॉर्च घेऊन वायरवरून बोटबोट मागे गेलो. सेन्सरच्या काळ्या वायरवर वाळलेल्या पाण्याचा पांढुरका ओघळ, कॉइलपासून निघालेला आणि थेट डबीच्या तोंडापर्यंत. आणि वायर अशी ताणलेली की कॉइलवरून सरळ उतारावर कनेक्टरमध्ये. म्हणजे कॉइलवर जमणारा थेंब वायर धरून घसरत घसरत थेट पिनेवर. जुन्या सेन्सरच्या वायरीला मात्र मधेच एक पक्की वळी होती, चार वर्षं एकाच आकारात राहिल्यावर येते तशी, आणि डबीखाली तुटलेला झिप टाय लोंबत होता. कारखान्यातून येताना इथे वायरीला खाली झोळ दिलेला होता, थेंब झोळाच्या बुडाशी येऊन ट्रेमध्ये पडायचा, वर चढून कनेक्टरमध्ये जायचा नाही. मार्चमधल्या जेट सर्व्हिसला कव्हर काढताना तो टाय तुटला आणि वायर ताणून बसवली गेली असणार. डबीला प्लॅस्टिक बांधलं होतं की नाही तेही कोणाला आठवत नाही. मी पण ४ तारखेला नवी वायर तशीच ताणून बसवली, जुनी होती तशी, त्यामुळे त्याच पिनेवर पाणी येत राहिलं.

एवढ्या लवकर गंज कसा चढला हा प्रश्न पडला होता. पण रिमोटने एसी बंद केला तरी बोर्ड जागाच असतो, पिनांवर डीसी कायम. त्यात ओल आणि कोकणातली खारी हवा. डीसी आणि ओल एकत्र आली की एकच पिन खाल्ली जाते, दुसरी तशीच राहते, इथे दिसतंय तसंच.

१३ मे, मंगळवार

कंपनीतून येताना अडीच मिलिमीटर पिचचा दोन पिनी कनेक्टर, त्याचे क्रिंप आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन आलो. रात्री जेवणं झाल्यावर बोर्ड बाहेर काढला, वायरींचे आधी मोबाइलवर चार फोटो. जुना सॉकेट डिसोल्डर केला. खालचा पॅड शाबूत होता, नशीब. आजूबाजूला अल्कोहोल आणि मऊ टूथब्रशने साफ केलं, केसांच्या ड्रायरने लांबून वाळवलं, नवा सॉकेट सोल्डर केला. चिरंजीव दहावीत गेलाय, त्याने भिंग धरलं आणि विचारलं, बाबा हा सेन्सर बर्फात का घातला होता मग? त्याला दोन बिंदूंचं कॅलिब्रेशन समजावून सांगितलं, त्याच्या वहीत तक्ता काढून दिला. त्यात अर्धा तास गेला पण चांगला गेला.

प्लगच्या बाजूला नवे क्रिंप मारले. बोर्डावर सोल्डरच्या बाजूने कॉन्फॉर्मल कोटिंगचा (ओल लागू न देणाऱ्या लेपाचा) हात फिरवला, सॉकेटच्या आत जाऊ न देता. कनेक्टरमध्ये ओल अडवणाऱ्या डायइलेक्ट्रिक ग्रीसचा थेंब. क्रिंप ते सोल्डर दोन्ही पिना ०.२.

१८ मे, रविवार

मधले दिवस कव्हर उघडं ठेवूनच चालवला, रोज रात्री दोन नोंदी, कुठेही एका डिग्रीपेक्षा जास्त फरक नाही. आज शेवटचं काम. सेन्सरची वायर कॉइलवरून आधी खाली ट्रेच्या वर चार बोटं अंतरापर्यंत उतरवली, तिथे झोळ, मग वर चढवून डबीत. नवा झिप टाय सैलसर, वायर दबायला नको. झोळ ब्लोअरच्या पात्याला लागत नाही ना हे हाताने ब्लोअर फिरवून बघितलं. डबीच्या तोंडाला नायट्राइल फोमची पट्टी.

मग प्लॅस्टिकच्या सिरिंजने वायरच्या वरच्या टोकाला पाणी सोडलं, थेंब थेंब, एमसीबी बंद ठेवूनच. थेंब वायर धरून खाली आले, झोळाच्या बुडाशी फुगले आणि टप्प करून ट्रेमध्ये. दहा मिनिटं सोडत होतो, डबीच्या बाजूची वायर कोरडी. टिश्यू लावून बघितला, कोरडा.

डबीच्या झाकणाच्या आत मार्करने लिहिलं: कॉइल सेन्सर १० के, बी ३९५०, वायरीचा झोळ काढू नये, धुताना डबीला पिशवी बांधावी.

२६ मे, सोमवार

गेले पाचसहा दिवस पाऊस थांबलेला नाही. यंदा मान्सून केरळात २४ मे लाच आला आणि आज मुंबईपर्यंत पोचला सुद्धा, मे महिन्यात! घरात भिंतींना ओल सुटलीये, मीठ पाणी सोडतंय. आमच्या दुरुस्तीची याहून कडक परीक्षा मला मुद्दाम घेता आली नसती.

रात्री ११ च्या नोंदी. खोली २५, कॉइल डिस्प्लेवर १२, प्रोबवर १२.४. एसी बंद करून सकाळी परत बघितलं, डिस्प्ले २७, प्रोब २७. कंप्रेसर हळू चालत राहतो, मधेच थांबत नाही. ट्रेमध्ये पाणी भरपूर, ड्रेनचा पाइप सारखा गळतोय, म्हणजे हवेतला दमटपणा ओढला जातोय, जो गेला महिनाभर ओढला जातच नव्हता.

८ जून, रविवार

मागच्या नोंदीपासून एकदाही बंद पडला नाही. कव्हर काढून झोळ आणि कनेक्टर बघितला, पिना चकचकीत, ग्रीस जागच्या जागी, डबीत ओलीचा डाग नाही. प्रोब काढून ठेवला. गॅसचे अडीच हजार सोडले तर एकूण खर्च सेन्सरचे १२०, कनेक्टर, अल्कोहोल आणि किरकोळ मिळून साडेतीनशेच्या आत. जुना सेन्सर चांगलाच आहे, मोजून पाकिटात घालून वर रेझिस्टन्स लिहून ठेवलाय, लागला तर उपयोगी पडेल.

एक काम बाकी आहे. २१ एप्रिलला वजन न करता जो गॅस टाकला गेला तो मला स्वस्थ बसू देत नाही, कारण गॅस मुळात कमी नव्हताच आणि जास्त भरलेला गॅस कंप्रेसरला चांगला नाही. वजनकाटा आणि रिकव्हरी मशीन असलेला माणूस शोधतोय, पाऊस जरा उघडला की सगळा गॅस काढून प्लेटवरच्या आकड्याप्रमाणे मोजून परत भरून घेणार. तेव्हा मी रजा टाकून घरी थांबणार आहे.

अण्णा रात्री दीडला उठले होते, एसी २६ करायला. थंडी वाजतेय म्हणाले.